फौज धाडण्यापूर्वी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि त्याला झेंडा बांधतात. मग एका काठावरून पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावरून सावरगाव अशी गोटमार सुरू होते. आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन निघाला आणि ऐन पात्रात दोघांवर दगड सुरू झाले. त्यांना वाचवायला पांढुर्णेकर धावले, पण त्यांनीही दगडच उचलले. ज्यांच्यासाठी हे सारं झालं ते दोघं पात्रातच गेले, असं बहुतेक जण सांगतात. दगड मात्र आजतागायत चालू आहेत. प्रशासनाने मनाईचे आदेश काढून पाहिले, रबरी चेंडू देऊन पाहिले. दरवर्षी शेकडो डोकी फुटतात आणि संध्याकाळी तोच झेंडा चंडीमातेला चढतो.

आम्ही तिगावकर या भांडणात तिसरे. पाहायला जातो, हळहळतो, कोणाची चूक ते सांगतो आणि घरी येतो. त्या दिवशी दोन्ही काठांच्या वर निदान जिल्हाधिकारी असतात, पोलीस असतात, रुग्णवाहिका असतात. दोन देशांमध्ये, किंवा एखाद्या देशाच्या दोन गटांमध्ये, दगडांच्या जागी तोफा चालू लागल्या तर वर कोणीच नसतं. संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद आहे, पण तिच्या पाच कायम सदस्यांपैकी एकाने हात वर केला की तिचं काम थांबतं. मग तिसऱ्या देशाने काय करावं? पाहत बसावं, की आपलं सैन्य घेऊन मध्ये पडावं? या पुस्तिकेचा विषय एवढाच आहे.

विषय दूरचा वाटतो, पण तो आपल्या ओट्यावर रोज येतो. २०२२ मध्ये युक्रेन, २०२३ मध्ये गाझा. मोबाइलवर चित्रफीत आली की चहाच्या टपरीवर दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘घुसले पाहिजे, एकदाचं संपवलं पाहिजे.’ दुसरा म्हणतो, ‘आपल्याला काय करायचं? आपलं पाहा.’ शाळा-कॉलेजच्या वादविवाद स्पर्धांतही बाजू अशाच वाटल्या जातात आणि ज्याचा आवाज मोठा तो बक्षीस घेऊन जातो. दोन्ही बाजूंकडे आवेश पुष्कळ असतो, उदाहरणं कमी असतात. ती उदाहरणं एका जागी मिळावीत म्हणून हा खटाटोप आहे.

उदाहरणांची सुरुवात घरापासूनच केली आहे, कारण आपला हा मुलूखच परक्या मदतीतून घडला आहे. छिंदवाड्याच्या दक्षिणेला मोहखेडकडे देवगडचा किल्ला आहे. तिथल्या गोंड राजांचं राज्य एके काळी सातपुड्यापासून खाली नागपूरपर्यंत पसरलेलं होतं. याच घराण्यातला बख्त बुलंद शाह गादीच्या भांडणात मदत मागायला थेट औरंगजेबाकडे गेला. मदत मिळाली, त्यासाठी धर्म बदलावा लागला. पुढे त्यानेच नागपूर वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान १७३९च्या सुमारास वारला आणि वली शाहने गादी बळकावली. विधवा राणी रतनकुंवरने आपल्या दोन मुलांच्या हक्कासाठी वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना बोलावलं. रघूजी आले, वली शाहचा काटा काढला, अकबर शाह आणि बुरहान शाह या दोघा भावांना गादीवर बसवलं आणि मोबदला म्हणून पैसा व मुलूख घेऊन वऱ्हाडात परतले. इथपर्यंत हा हस्तक्षेप नमुनेदार म्हणावा असा. बोलावणं होतं, अन्याय उघड होता, काम झालं आणि फौज परत गेली.

चार-पाच वर्षांत दोघा भावांचं फाटलं. बुरहान शाहने पुन्हा रघूजींना हाक दिली. या वेळी ते आले ते राहायलाच. अकबर शाह परागंदा झाला, हैदराबादेत त्याच्यावर विषप्रयोग झाल्याचं सांगतात. बुरहान शाहला राजा हे नाव राहिलं आणि वर तनखा मिळाला. कारभार, महसूल, फौज सगळं भोसल्यांकडे गेलं. गोंड राजाचा एक मान तेवढा शिल्लक ठेवला: नवा भोसला गादीवर बसताना त्याच्या कपाळी टिळा गोंड राजाने लावायचा. ज्याचं राज्य गेलं त्याच्याच बोटाने ते घेणाऱ्याला टिळा. हस्तक्षेप लांबला की काय होतं, हे सांगायला याहून बोलकं चित्र आम्हाला सापडलं नाही.

यातली अवघड गोष्ट अशी की तिगाव, पांढुर्णा, सौंसर इथली आपण मराठी माणसं त्या हस्तक्षेपाचे लाभार्थी आहोत. भोसल्यांच्या राज्यात या पट्ट्यातल्या मराठीला बळ मिळालं, नागपूरशी नातं पक्कं झालं. १९५६ला राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो, २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तरी तोंडी भाषा तीच आहे. आपल्या पुस्तकांत रघूजींची ती स्वारी पराक्रम म्हणून येते. शेजारच्या गोंड घरात तीच गोष्ट राज्य कसं गेलं म्हणून सांगितली जाते. दोन्ही सांगणं खरं आहे. परक्या देशात सैन्य धाडायच्या वादात उतरणाऱ्याने ही दोन्ही घरं डोळ्यांपुढे ठेवावीत, एवढ्यासाठी हे प्रकरण पहिलं घेतलं आहे.

दुसरं प्रकरण त्याचीच पुढची पायरी. १८१६ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांनी आपल्या घरातल्या सत्तास्पर्धेत बळ मिळावं म्हणून इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. फौज इंग्रजांची, खर्च नागपूरचा. दीड वर्षात, नोव्हेंबर १८१७ मध्ये, त्याच फौजेशी सीताबर्डीच्या टेकडीवर लढायची पाळी आली आणि लढाई गेली. आप्पासाहेब कैद झाले, वाटेत निसटले आणि महादेवाच्या डोंगरांत आश्रयाला गेले. आसरा दिला तो तिथल्या गोंडांनी. ज्यांचं राज्य त्यांच्या पणजोबांनी घेतलं होतं त्यांनीच. गादीवर बसवलेल्या अल्पवयीन राजाच्या नावाने रेसिडेंट जेन्किन्सने कारभार पाहिला. तो राजा, तिसरा रघूजी, १८५३ मध्ये निपुत्रिक वारला आणि पुढच्या वर्षी डलहौसीने संस्थान खालसा केलं. शंभर-सव्वाशे वर्षांत एकाच भूमीवर दोनदा तेच घडलं. घरच्या भांडणात बाहेरचा बोलावला आणि बाहेरचा घरधनी झाला.

नागपूरकर भोसल्यांच्याच फौजा १७४१ ते १७५१ या काळात बंगालवर चौथाईसाठी जात राहिल्या. तिथेही नवाबाविरुद्ध उठलेला मीर हबीब त्यांना मिळालेला होता. बंगाली लोकांच्या आठवणीत त्या ‘बर्गी’ म्हणून इतक्या रुतल्या की मुलांना निजवायच्या गाण्यात त्यांचं नाव आलं. सुमारे सव्वादोनशे वर्षांनी त्याच बंगालच्या पूर्व भागात भारताचं सैन्य उतरलं आणि त्याच्या गळ्यात हार पडले. म्हणून १९७१चं प्रकरण या पुस्तिकेत सगळ्यात लांब आहे.

बाजू मांडणाऱ्याने १९७१चे तपशील घट्ट धरावेत. डिसेंबर १९७०च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जागा शेख मुजिबुर रहमान यांच्या अवामी लीगने जिंकल्या. सत्ता मिळायची ती मिळाली नाही, २५ मार्च १९७१च्या रात्री ढाक्यात लष्कर उतरलं. ३१ मार्चला आपल्या संसदेने तिथल्या जनतेला पाठिंब्याचा ठराव केला. त्या वेळी लगेच घुसा म्हणणारे पुष्कळ होते. जनरल माणेकशांनी तयारीला वेळ मागितला. पावसाळ्यात तिथल्या नद्या समुद्रासारख्या होतात, आणि हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद झाल्या की चीनची धास्ती कमी होते, हा हिशेब त्यात होता. दरम्यान जवळपास एक कोटी निर्वासित भारतात आले. काहींना तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या रायपूरजवळच्या माना छावणीतही आणलं गेलं. अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण होते. नोव्हेंबरपासून टपालाच्या पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं निर्वासित मदतीचं तिकीट लावावं लागू लागलं. परदेशातल्या भांडणाची किंमत खेड्यातला माणूस कशी मोजतो, हे त्या पाच पैशांत दिसतं.

३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ला केला आणि उघड युद्ध सुरू झालं. ६ डिसेंबरला भारताने बांगलादेशला मान्यता दिली. ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्ध थांबवून सैन्य मागे घ्यावं असा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी झाला. म्हणजे ज्या कारवाईचा आपण अभिमान बाळगतो तिच्याविरुद्ध तेव्हा जग बहुमताने उभं होतं. १६ डिसेंबरला शरणागती झाली आणि सुमारे ९३ हजार कैदी हाती आले. मुजिब जानेवारीत ढाक्याला परतले, आणि मार्च १९७२ मध्ये भारतीय सैन्य बांगलादेशातून बाहेर पडलं. आमच्या मते १९७१चं खरं यश शरणागतीच्या त्या छायाचित्रापेक्षा या मार्च महिन्यात आहे. जिंकलेला देश तीन महिन्यांत, तिथल्याच लोकांनी निवडलेल्या माणसांच्या हाती देऊन परतणं, इतिहासात फार थोड्यांना जमलं आहे. साधारण त्याच दशकात व्हिएतनामने कंबोडियात शिरून पोल पॉटची अमानुष राजवट उलथली, तेही उपकारच होते. पण त्यांचं सैन्य १९८९पर्यंत तिथे राहिलं आणि उपकाराचं ओझं झालं.

आता दुसरी बाजू. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला आणि भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली. काम होतं तमिळ गटांकडून शस्त्रं जमा करून घेण्याचं. ऑक्टोबरपर्यंत आपले जवान त्यांपैकीच लिट्टे या गटाशी लढत होते. मध्य प्रदेशातल्या सागरला ज्या महार रेजिमेंटचं केंद्र आहे तिच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्माने मुंबईकर, २५ नोव्हेंबर १९८७ रोजी शोधमोहिमेवरून परतताना दबा धरून बसलेल्यांशी हातघाईची लढाई करत पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. शांतिसेनेचे जवळपास बाराशे जवान तिथे कामी आले. दोन वर्षांत श्रीलंकेचे नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा सैन्य काढून घ्या म्हणू लागले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. ज्यांनी बोलावलं ते नको म्हणू लागले, ज्यांच्यासाठी गेलो ते शत्रू झाले आणि ज्यांच्यातून निघालो त्यांच्यातलेही रुसले. जवानांच्या शौर्यात कसूर नव्हती. त्यांना नेमकं कोणतं काम दिलं आणि ते कधी संपलं म्हणायचं, हे ठरवणाऱ्यांनी ठरवलं नव्हतं.

त्याच काळात, ३ नोव्हेंबर १९८८ रोजी, मालदीवचे अध्यक्ष गयूम यांनी भाडोत्री बंडखोरांविरुद्ध मदत मागितली. त्याच रात्री आग्र्याहून उडालेले छत्रीधारी जवान हुलहुलेच्या धावपट्टीवर उतरले आणि काही तासांत बंड मोडलं. बहुतेक सैन्य लगेच परतलं. विरोधी बाजूच्या वक्त्याने यापुढची गोष्टही सांगावी. याच मालदीवमध्ये ‘भारत हटाव’ची हाक देणारं सरकार आलं आणि मे २०२४पर्यंत हेलिकॉप्टरं-विमानांसाठी ठेवलेले आपले थोडेसे लष्करी कर्मचारीही माघारी आणावे लागले. देशांच्या व्यवहारात कृतज्ञतेला मुदत असते. बांगलादेशने आयात शुल्क वाढवत नेलं तेव्हा विदर्भातल्या आणि आपल्या पट्ट्यातल्या संत्रा बागायतदारांनाही हे कळलं आहे. १९७१ची आठवण काढून तिथे कोणी शुल्क कमी करत नाही. म्हणून ‘त्यांच्यावर उपकार करू, ते कायम आपले राहतील’ हा मुद्दा सैन्य धाडण्याच्या बाजूने कोणी मांडला तर तो तिथेच खोडून काढावा.

सैन्य नेऊनही युद्ध न करता परतता येतं, याचं उदाहरण मराठी वाचकाला अभिमान वाटावा असं आहे. कोरियाचं युद्ध थांबल्यावर मायदेशी जायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा ताबा १९५३ मध्ये भारतीय रक्षक दलाकडे आला. त्याचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात. चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला छावणीत ओढून ओलीस धरलं तेव्हा थोरात स्वतः आत गेले, त्या खवळलेल्या जमावाशी बोलले आणि आपल्या अधिकाऱ्याला सोडवून घेऊन आले. काम ठरलेलं होतं, मुदत ठरलेली होती, दोन्ही पक्षांची संमती होती. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला काम आटोपून दल परतीच्या वाटेला लागलं.

नाही म्हटलेले प्रसंगही तितकेच महत्त्वाचे, म्हणून त्यांना स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. २००३ मध्ये इराकवर ताबा मिळवल्यावर अमेरिकेने भारताकडे सैन्य मागितलं. दिल्लीत जा म्हणणारे वजनदार लोक होते. जुलैमध्ये वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य देणार नाही असं ठरवलं. पुढे इराकमध्ये जे झालं ते पाहता तो नकार किती जीव वाचवणारा होता हे सांगायला नको. २०११ मध्ये लिबियावर बळाच्या वापराला मुभा देणारा १९७३ क्रमांकाचा ठराव सुरक्षा परिषदेत आला तेव्हा भारत, ब्राझील, चीन, जर्मनी आणि रशिया तटस्थ राहिले. गद्दाफी गेला आणि मागे एक सरकार उरलं नाही. पाश्चात्त्य विमानं घरी परतली, पण कारभार घ्यायला तिथे मान्य असं कोणी नव्हतं. नुसतं लवकर परतणं पुरत नाही, हे लिबियाने शिकवलं.

एवढं वाचून ‘आपल्याला काय करायचं’ म्हणणारा खुश होईल. त्याने रवांडाचं प्रकरण आधी वाचावं. १९९४ मध्ये सुमारे शंभर दिवसांत तिथे आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. संयुक्त राष्ट्रांचं सैन्य तिथे हजर होतं. कत्तल सुरू झाल्यावर ते वाढवायचं सोडून कमी केलं गेलं. न जाण्याचीही जबाबदारी असते आणि तिची मोजदाद मेलेल्यांत होते. त्यानंतरच २००५ मध्ये जगातल्या राष्ट्रांनी, एखादं सरकार स्वतःच्या लोकांची कत्तल करत असेल तर जगाने ती थांबवण्याची जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व मान्य केलं. लिबियात तेच तत्त्व पुढे केलं गेलं, आणि त्या अनुभवाने पुढच्या वेळी ते उच्चारणंही कठीण करून ठेवलं.

कायद्याची बाजू थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत दुसऱ्या देशाविरुद्ध बळाचा वापर निषिद्ध आहे. अपवाद दोन: सुरक्षा परिषदेची परवानगी, आणि कलम ५१ प्रमाणे स्वसंरक्षण. आपल्या राज्यघटनेतही कलम ५१ आहे आणि ते आंतरराष्ट्रीय शांततेसाठी झटायला सांगतं. स्पर्धेत मुलं या दोन्हींची गल्लत करतात, ती करू नये. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: परदेशात सैन्य पाठवण्यापूर्वी संसदेचं मत घ्यावं असं बंधन आपल्या घटनेत नाही. निर्णय सरकारचा असतो. म्हणून लोकांमधली चर्चा हाच काय तो लगाम, आणि ती चर्चा नीट व्हावी याची जबाबदारी तिगावच्या पारावर बसणाऱ्यांचीही आहे. दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या लष्करी गाड्या आपल्याच घाटातून जातात. त्यांत बसलेली मुलं अशाच गावांतली असतात.

पुस्तिकेची मांडणी साधी आहे. प्रत्येक प्रसंगात आधी घटनाक्रम, मग ‘जावं’ म्हणणाऱ्यांचे मुद्दे, मग ‘जाऊ नये’ म्हणणाऱ्यांचे. दोन्ही बाजूंना सारखीच पानं दिली आहेत. शेवटी पाच प्रश्न आहेत. बोलावलं कोणी, आणि तिथल्या लोकांच्या वतीने बोलावण्याचा त्याला काय अधिकार? सैन्याशिवायचे उपाय खरोखर संपले का? सैन्याला काम नेमकं कोणतं? खर्च कोण सोसणार? आणि परतताना कारभार कोणाच्या हाती द्यायचा? १९७१ला पाचही प्रश्नांना उत्तरं होती. १९८७ला पहिल्याचं होतं, तिसऱ्याचं आणि पाचव्याचं नव्हतं. रघूजींच्या दुसऱ्या स्वारीत पाचवा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

आम्ही तटस्थ असल्याचा आव आणत नाही. आमचं मत असं: संकटातल्या शेजाऱ्यासाठी सैन्य धाडणं कधी कधी कर्तव्य असतं, पण ज्याला परतीची वाट आधी सांगता येत नाही त्याला धाडण्याचा अधिकार नाही. वाचकाने हे मत मान्य करावं असा आग्रह नाही. त्याने पुढची पानं वाचून ते खोडून दाखवलं तर आनंदच आहे. आग्रह एकच. उद्या पडद्यावर किंवा व्यासपीठावर कोणी ‘घुसा’ म्हणून गरजला, तर टाळी वाजवण्याआधी त्याला विचारा, परत कधी येणार आणि तिथे मागे कोणाला ठेवून येणार? उत्तर आलं, तर जरूर टाळी वाजवा.

— संपादक
तिगाव, जिल्हा पांढुर्णा